मेंटॉर झालात? मग या चुका टाळा

“काही लागलं तर हक्काने सांग.” ऐकायला छान, पण मेंटॉरिंग बुडतं ते बहुधा इथेच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नवीन आलेल्या मुलीला काय लागणार आहे, हेच तिला अजून ठाऊक नसतं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी तीन भेटींच्या तारखा ठरवा आणि प्रत्येक भेटीआधी तिच्याकडून काहीतरी हातात घ्या: सीव्ही, पेपरचा मसुदा, अप्रेझलचा फॉर्म. कागद समोर असला की बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं.

दुसरी चूक मायेपोटी होते, म्हणून पटकन दिसत नाही. “तिचं मूल लहान आहे, कमिशनिंगला (साइटवर नवी यंत्रणा सुरू करून द्यायला) तिला नको पाठवायला.” तिला विचारलं का कुणी? दोन वर्षांनी बढतीच्या वेळी तोच साहेब म्हणतो, “हुशार आहे, पण साइटचा अनुभव नाही.” जायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. राहण्याची आणि रात्रीच्या गाडीची सोय मात्र तुम्ही बघा.

सल्ला भरपूर, पण शब्द टाकायची वेळ आली की गप्प, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. १९३३ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना (तेव्हाच्या भागवत) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी बाई म्हणून नाकारलं, मग वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर घेतलं. तिथे त्यांना श्रीनिवासय्या मार्गदर्शक मिळाले. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. पुढे १९३९ मध्ये सोहोनींनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. आज ज्या बैठकीत तुमच्याकडची मुलगी नसते, तिथे तिचं नाव तुम्ही घेता का? परिषदेतलं भाषण, पेटंटवरचं नाव, नव्या प्रकल्पाचं नेतृत्व हे सगळं तिथेच ठरतं.

भेटीत उत्तर कायम “सगळं ठीक आहे” असंच येतंय? तिचं अप्रेझल तुमच्याच हातात आहे का, ते आधी पाहा. असेल तर मेंटॉर दुसऱ्या विभागातला हवा. पुरुषही चालतो, विभागातल्या एकुलत्या एका बाईवर सगळ्या मुली सोपवू नका, तिलाही तिचं काम असतं.

प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची. तिच्या प्रयोगाचं काय होणार आणि पेपरवर नावांचा क्रम काय राहणार, हे रजेआधी ईमेलवर लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं परत येईपर्यंत कुणालाच आठवत नाही. संशोधनात मोठा खंड पडलाच असेल, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, महिला शास्त्रज्ञांसाठीच्या ‘वाइज-किरण’ योजनेची माहिती तिच्यासोबत बसून काढा. नुसती लिंक पाठवून मोकळे होऊ नका.