कम्युनिटी सेंटरमध्ये ब्लॅक मुली-बायकांसाठी प्रोग्रॅम सुरू करायचाय? मग हे आधी वाचा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, की आमच्या इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये ब्लॅक मुलींसाठी काहीतरी करायचंय, कोडिंग शिकवू का, मॅथ्स शिकवू का. शिकवा की, पण आधी तिथे कोण राबतंय ते बघा. कोणीतरी असतंच, चर्चमधल्या चार बायका नाहीतर एखादी रिटायर्ड टीचर, आणि हे आजचं नाही. जेन एडना हंटर नावाची नर्स १९०५ मध्ये साउथमधून क्लीव्हलँडला आली, ब्लॅक म्हणून राहायला धड खोली मिळेना, तर १९११ मध्ये तिने बाकीच्या बायकांना जमवून अशा एकट्या कमावत्या मुलींसाठी वसतिगृह काढायची संस्थाच उभी केली, तीच पुढे फिलिस व्हीटली असोसिएशन. म्हणून आधी तिथे राबणाऱ्यांनाच जाऊन विचारायचं, तुम्हाला काय हवंय, आणि उत्तर 'खुर्च्या मांडायला माणूस हवाय' असं आलं तर मुकाट्याने खुर्च्या मांडायच्या.

विषय काय ठेवायचा यावर लोक तासन्‌तास मीटिंगा करतात, पण प्रोग्रॅम बंद पडतो तो भलत्याच कारणांनी. आई शिफ्टवर, बस तासाला एक, धाकट्याला सांभाळायचं काम मोठीच्या गळ्यात. म्हणून फ्लायरवर मोठ्या अक्षरात लिहा, जेवण आहे, लहान भावंडं आणली तरी चालेल, घरी सोडायची सोय आहे. आणि जेवण म्हणजे जेवण, चिप्सची पाकिटं नाहीत.

सुरुवातीला लेक्चर नकोच, केसांची संध्याकाळ ठेवा. जवळपासची ब्रेडर, म्हणजे वेण्या घालून देणारी बाई, बोलवा आणि तिला तिचा पूर्ण रेट द्या, फुकट येशील का म्हणून विचारूसुद्धा नका, तिचा तो धंदा आहे. लांब दांडीचे कंगवे, पाण्याच्या स्प्रे बाटल्या, लीव्ह-इन कंडिशनर, क्लिपा एवढं आणून ठेवा. बॉक्स ब्रेड्सना, म्हणजे डोकंभर बारीक सुट्या वेण्यांना, कित्येक तास लागतात, ते एका बैठकीत होत नाहीत, तेव्हा सरळ भांग कसा पाडायचा आणि कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून जाणारी वेणी, मुळापासून कशी उचलत न्यायची एवढं शिकवलं तरी खूप झालं. हात कामात असले की तोंडं आपोआप सुटतात, शाळेत कोण काय बोललं ते तिथेच कळतं. केसांवरून शाळेत नि नोकरीत त्रास होऊ नये म्हणून क्राउन ॲक्ट नावाचा कायदा करावा लागलाय, २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियाने केला, मग त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने, तर तुमच्या स्टेटमध्ये आहे का ते बघून एक पानभर माहिती भिंतीवर चिकटवा. आणि हो, कौतुकानेसुद्धा कोणाच्या केसांना न विचारता हात लावायचा नाही.

व्हॉलंटियरांना अजून एक सांगून ठेवा. जॉर्जटाउन लॉ सेंटरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं, की मोठी माणसं ब्लॅक मुलींना अगदी पाचव्या वर्षापासून गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त मोठी धरतात. त्यामुळे पोरीने डोळे फिरवले की लगेच 'ॲटिट्यूड' म्हणून मोकळं व्हायचं नाही, बारा वर्षांची आहे ती!

बायकांसाठी वेगळा दिवस ठेवा आणि सुरुवात ब्लड प्रेशरने करा. सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे, २०२३ चे आकडे बघा, दर एक लाख जन्मांमागे ५०.३ ब्लॅक बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर दगावल्या, गोऱ्या बायकांमध्ये हाच आकडा १४.५. मशीन घेताना दंडाचा पट्टा दोन-तीन साइजचा घ्या, लहान पट्टा आवळून बसवला तर रीडिंग उगाचच जास्त येतं. बाळंतिणीचं डोकं सारखं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय असं कानावर आलं तर चहापाणी बाजूला ठेवून तिला लगेच डॉक्टरकडे पाठवा. डूलाचे, म्हणजे बाळंतपणात सोबत नि आधार देणाऱ्या बाईचे, पैसे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) देतं का तेही शोधून ठेवा, न्यू जर्सीत २०२१ पासून देतं.

मग कागदपत्रं. सगळ्यांचे बॅकग्राउंड चेक आणि इन्शुरन्स हवेतच, पण स्वतःचं नॉनप्रॉफिट काढायला लगेच धावू नका, सेंटरच्याच छत्राखाली चालवा. फ्लायरवर 'फक्त ब्लॅक मुलींसाठी' असं छापायच्या आधी वकिलाला दाखवा, कारण अटलांटाच्या फिअरलेस फंडची फक्त ब्लॅक बायकांच्या धंद्यांसाठीची ग्रँट २०२४ मध्ये कोर्टाने अडवली आणि शेवटी त्यांना ती बंदच करावी लागली. 'सगळ्यांना खुला, ब्लॅक मुलींच्या गरजा धरून आखलेला' असं काहीतरी लिहून बघा. बजेट कमी पडलं तर आधी टीशर्ट आणि बॅनर उडवा, ब्रेडरचे पैसे आणि जेवणाला हात लावू नका.