चाळिशीत पहिल्यांदा ‘अ‍ॅलिस’ वाचायला घेताना

लुईस कॅरलचं ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लहानपणी राहून गेलं असेल आणि आता वाचायचं असेल, तर आधी प्रत बघून घ्या. नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत हाताला लागणारी पातळ, रंगीत प्रत बहुधा मुलांसाठी काटछाट केलेली असते. प्रकरणं 12 आहेत का ते मोजा. तिसऱ्या प्रकरणात उंदराच्या शेपटीसारखी वळत, बारीक होत जाणारी कविता आहे का तेही पाहा. नसेल तर ठेवून द्या. मूळ चित्रकार जॉन टेनियलची 42 चित्रं असली तर उत्तमच. नवव्या प्रकरणातल्या मॉक टर्टलला, म्हणजे नकली कासवाला, वासराचं डोकं आहे हे चित्रातच दिसतं. कासवाच्या महाग सूपची नक्कल तेव्हा वासराच्या डोक्यापासून करत, त्यावरून हा प्राणी बेतलाय. पुस्तक 1865 चं, स्वामित्वहक्क कधीच संपलेले, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. फक्त मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ती शेपटीची कविता विस्कटते. तेवढ्यापुरता फोन आडवा धरून अक्षर लहान करा.

एका बैठकीला एकच प्रकरण. साधारण 2,200 शब्द होतात, म्हणजे इंग्रजीची सवय असेल तर 15 मिनिटं, नसेल तर 25. खापरीहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत आरामात होतं. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून सगळं उरकायचा बेत करू नका. इथे पुढे काय होणार ही ओढ फारशी नाहीच, त्यामुळे आठव्या प्रकरणापर्यंत विचित्रपणाचा कंटाळा येतो आणि दोष पुस्तकाला दिला जातो.

मोठी माणसं अडकतात ती शाब्दिक कोट्यांवर. एखादं संभाषण अगदीच निरर्थक वाटलं की पेन्सिल घ्या आणि अडलेला शब्द समासात देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग कोटी लपवतं, देवनागरी ती उघडी पाडते. उंदीर आपली ‘टेल’ सांगतो, म्हणजे कहाणी, आणि अ‍ॅलिस त्याच्या ‘टेल’कडे, म्हणजे शेपटीकडे, बघत बसते. तो ‘नॉट’ म्हणजे नाही म्हणतो, ती ‘नॉट’ म्हणजे गाठ समजून सोडवायला धावते. नवव्या प्रकरणात शाळा पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ अशी उतरत जाते, कारण ‘लेसन’ म्हणजे धडा आणि ‘लेसन’ म्हणजे कमी होणंही. मराठी अनुवाद वाचत असाल तर तिथे अनुवादकाने नवी कोटी रचलेली असणार. ती मूळाशी जुळवत बसू नका.

कविता मोठ्याने वाचा, घरचे हसले तरी. त्यातल्या बऱ्याच विडंबनं आहेत. दुसऱ्या प्रकरणातली मगरीची कविता आयझॅक वॉट्सच्या कष्टाळू मधमाशीवरच्या कवितेची टर उडवते, आणि ती मूळ कविता त्या काळच्या मुलांना पाठ असायची. आधी तिच्या चार ओळी वाचा, मग मगर. अत्र्यांची विडंबनं, ‘झेंडूची फुले’, वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अ‍ॅलिसची उंची सारखी बदलते आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात हमखास गोंधळ होतो. पुस्तकखुणेवर आकडे टिपत जा: आधी 10 इंच, मग 9 फुटांहून जास्त, सुरवंटासमोर 3 इंच, डचेसच्या घराशी 9 इंच, मार्च हेअर या सशाच्या घराशी 2 फूट. एवढं लिहिलं की ती कुठल्या दारातून का जाऊ शकत नाही ते लगेच कळतं.

सातव्या प्रकरणात हॅटर, म्हणजे टोपीवाला, कोडं घालतो, कावळा आणि लिहायचं मेज यांत साम्य काय. उत्तर शोधत पानं उलटू नका, पुस्तकात ते नाहीच. लोकांनी पिच्छा पुरवल्यावर लेखकाने 1896 च्या प्रस्तावनेत एक दिलं, तेही नंतर सुचलेलं. प्रत्येक गोष्टीत गूढार्थ हुडकणारे लेख निदान पहिल्या वाचनात बाजूला ठेवा.

सिनेमात पाहिलेले ते गोल जुळे भाऊ शेवटपर्यंत भेटले नाहीत तर प्रत अपुरी आहे असं समजू नका. ते 1871 च्या दुसऱ्या भागात, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये, आहेत. तो भाग बुद्धिबळाच्या चालींवर रचलाय, तेव्हा तो वाचताना शेजारी पट मांडून ठेवा.