सासवडच्या खानावळीभोवतीचा एक दिवस : बेत कसा आखावा

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे जाणारे बहुतेक लोक आधी किल्ला किंवा देऊळ ठरवतात आणि भूक लागली की रस्त्यात दिसेल त्या ढाब्यावर बसतात. माझा सल्ला नेमका उलट आहे. सासवड परिसरातली चुलीवर स्वयंपाक होणारी एखादी खानावळ आधी निश्चित करावी, जेवणाची वेळ पक्की करावी आणि तिच्या अलीकडे-पलीकडे पाहण्याची ठिकाणे बसवावीत. गावरान कोंबडीचा रस्सा शिजायला वेळ लागतो, बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरच तिची गोडी कळते, आणि खानावळीतल्या मावशींना माणसे किती व भाकऱ्या किती हे सकाळीच फोनवर कळले, तर दुपारी एक वाजता कोणालाच ताटकळत बसावे लागत नाही.

सकाळ मल्हारगडाला द्यावी. हडपसरहून सातच्या आत निघून घाट चढला की झेंडेवाडीकडे जाणारा फाटा लागतो. त्या बाजूने गडाचा चढ थोडाच असल्याने मुलांना आणि पुष्कळशा ज्येष्ठांनाही तो झेपतो. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत हा शेवटचा मानला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० या काळात उभारला. त्रिकोणी तटबंदीच्या आत चौकोनी बालेकिल्ला असून त्यात खंडोबा आणि महादेव यांची दोन लहान देवळे शेजारी-शेजारी आहेत. गडावर सावली जवळजवळ नाही, म्हणून पाणी बरोबर घ्यावे आणि दहाच्या सुमारास खाली उतरावे.

तिथून जेवणापर्यंतचा वेळ सासवड गावासाठी पुरेसा असतो. कऱ्हेकाठी संत सोपानदेवांची समाधी आहे, संगमावर दगडी पायऱ्यांचे संगमेश्वराचे देऊळ आहे आणि नारायणपूरच्या रस्त्यावर चांगावटेश्वराचे देऊळ आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये सासवडलाच निधन झाले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. वेळ कमी असेल, तर सोपानदेवांचे दर्शन घेऊन चांगावटेश्वराला जावे, कारण त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मिळणारी शांतता गावात मिळत नाही. माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते, त्या दिवसांत मात्र हा बेत करू नये. दिवे घाट वारकऱ्यांचा असतो आणि गाडीला बोपदेव घाटानेच यावे लागते.

जेवणानंतर पुरंदर किंवा भुलेश्वर यांपैकी एकच निवडावे. दोन्ही उरकायला गेलेल्यांच्या हाती धड एकही लागत नाही. पुरंदर लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवे. एकदा आमच्यातल्या एकाचे ओळखपत्र घरी राहिले आणि आम्ही सगळेच नारायणपूरहून परत फिरलो. गड संध्याकाळी लवकर बंद होतो, त्यामुळे जेवण लांबले असेल तर तिकडे जाऊच नये. वेळेत पोहोचलात, तर मुरारबाजी देशपांडे यांच्या पुतळ्यापाशी अवश्य थांबावे. १६६५ मध्ये दिलेरखानाच्या फौजेशी लढताना ते इथे पडले, आणि त्याच वर्षीच्या तहाने महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. संभाजी महाराजांचा जन्मही याच गडावर, १६५७ मध्ये झाला.

माझे मन मात्र भुलेश्वराकडे ओढते. सासवडहून यवतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माळशिरस गावाजवळच्या टेकडीवर हे देऊळ आहे. बाहेरून नुसती भिंत दिसते आणि आत एवढे काही असेल असे वाटत नाही. अंधाऱ्या, अरुंद जिन्याने वर गेल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ उभेच राहावे, घाईने विजेरी पेटवू नये, कारण आधी काळ्या दगडावरची एक कड दिसते, मग एक हात, मग कंबरेवरचे दागिने, आणि हळूहळू सगळी भिंत मूर्तींनी भरून जाते. पुष्कळ मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. तरीही कापडाच्या चुण्या आणि बोटांची ठेवण इतकी स्वच्छ आहे की जवळ गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. त्यानंतर विजेरी लावून स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती शोधावी. ती वरच्या बाजूला असल्याने नुसत्या चालत्या नजरेला सापडत नाही. दगड अनवाणी पायांना उन्हाळ्यात पोळतो, म्हणून मोजे जवळ ठेवावेत.

जेजुरी या बेतात घालू नये. खंडोबाच्या पायऱ्या, भंडारा आणि रविवारची गर्दी यांना स्वतंत्र दिवस लागतो.

परतताना रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांकडून हंगामाप्रमाणे फळे घ्यावीत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; उन्हाळ्याच्या सुरुवातीला येणारे पीक, म्हणजे मीठा बहार, अधिक गोड असते. अंजीर मऊ असल्याने ते मांडीवर ठेवूनच आणावे आणि त्याच रात्री खावे. पावसाळ्यापासून पुढे सीताफळ मिळते. घरी नेण्यासाठी पिकलेले फळ न घेता हाताला टणक, पण डोळे उघडून फटींत पिवळसर पांढरेपणा आलेले फळ निवडावे. ते गाडीत चेपत नाही आणि दोन-तीन दिवसांत घरीच नीट पिकते.