बोंडअळीचा सल्ला कुणाकडून घ्यायचा? या चुका टाळा

कपाशीत डोमकळी (गुलाबी बोंडअळी आत शिरल्याने नीट न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल) दिसली की 'कोणतं औषध मारू?' हा प्रश्न लगेच तोंडी येतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की मारायची गरज आहे का? आणि हे कुणाला विचारायचं, तिथेच घोळ होतो.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर निदान करून घेणं. दुकानदार जवळचा असतो, उधारी देतो, ऐन हंगामात हमखास भेटतो. पण त्याचं पोट विक्रीवर आहे. मग कीटकनाशक, बुरशीनाशक आणि वर टॉनिक, सगळं एकाच पंपात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हा अशा मिश्रणांची आणि संरक्षक कपड्यांशिवाय होणाऱ्या फवारणीची चर्चा झाली होती. ते विसरता कामा नये. दुकानात जाताना औषधाचं नाव नि प्रमाण आधीच लिहून न्या, पक्कं बिल घ्या.

किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) कामाचं आहे, पण 'पीक पिवळं पडलंय' एवढ्यावर तिकडचा माणूस काय सांगणार? पाणी साचलंय, नत्र कमी पडलंय की तुडतुडे आहेत? पिकाचं वय, पाऊस, मागची फवारणी सांगा. मर, म्हणजे झाड उभ्याउभ्या सुकणं, दिसत असेल तर फोटोवर भागवू नका. मुळासकट झाड घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात. तो तुमच्या बांधावर रोज येणार नाही. त्याच्याकडे शेतीशाळेचा आग्रह धरा, कारण माझ्या मते गुलाबी बोंडअळीसाठी तीच पद्धत सगळ्यांत खरी. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी ती सुरू झाली, ती शेतकऱ्याने स्वतः झाडं पाहून, किडी आणि मित्रकीटक मोजून निर्णय घ्यावा म्हणून. सभामंडपात भाषण, चहा आणि सह्या झाल्या तर ती शेतीशाळा नव्हे. शेतात उतरायलाच हवं.

मोजायचं काय? हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून २ बोंडांत अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली. सापळा रिकामा दिसला तर आधी ल्यूरची, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या गोळीची, मुदत तपासा; मुदत संपलेल्या ल्यूरकडे पतंग फिरकत नाहीत आणि आपण मात्र शेत सुरक्षित समजून बसतो.