निर्णयांसाठी डेटा वेअरहाऊस: आराखड्यापासून पहिल्या वापरापर्यंत

रोजचे व्यवहार नोंदवणारी यंत्रणा एकाच कामासाठी घडवलेली असते. ऑर्डर आली की ती पटकन आणि अचूक नोंदवायची, साठा कमी करायचा, बिल काढायचे. निर्णय घेणाऱ्याचे प्रश्न मात्र निराळे असतात. कोणत्या गटातील ग्राहक पुन्हा येईनासे झाले, सवलतीमुळे विक्री वाढली की नुसता नफा घटला, अशा प्रश्नांची उत्तरे काढायला काही वर्षांच्या लाखो नोंदी एकत्र वाचाव्या लागतात, आणि त्या बहुधा तीन-चार यंत्रणांत विखुरलेल्या असतात. शिवाय व्यवहार यंत्रणा जुन्या माहितीवरच नवी माहिती लिहिते, त्यामुळे ग्राहकाचा विभाग बदलला की आधीचा विभाग कोणता होता याचा मागमूस राहत नाही. या क्षेत्राचे प्रवर्तक बिल इनमन यांनी 1990 च्या दशकात रूढ केलेली डेटा वेअरहाऊसची व्याख्या या अडचणींना नेमके उत्तर देते. विषयानुसार रचलेला, अनेक स्रोतांतून एकसंध केलेला, काळाचा हिशेब ठेवणारा आणि आत आलेली माहिती सहसा न बदलणारा साठा म्हणजे वेअरहाऊस.

असा साठा उभारताना बहुतेक चमू आधी साधन निवडतात आणि मग हाताशी असलेली सगळी टेबले त्यात ओततात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. साधन पुढे बदलता येते, पण चुकीच्या रचनेवर शंभर रिपोर्ट उभे राहिले की ती रचना बदलणे जवळपास अशक्य होते.

आधी निर्णय समजून घ्या

व्यवसायातील लोकांना ‘तुम्हाला कोणते रिपोर्ट हवेत’ असे विचारले, तर ते आज हाती असलेल्या रिपोर्टचीच यादी देतात. त्याऐवजी अलीकडे घेतलेल्या एखाद्या निर्णयाबद्दल विचारावे. तो घेताना कोणता आकडा लागला, तो कुठून आणि किती खटपटीने मिळवला, आणि तो वेगळा आला असता तर त्यांनी काय वेगळे केले असते? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर तो आकडा पहिल्या टप्प्यात घेऊ नये.

याच बैठकांत व्याख्यांचे मतभेद वर येतात आणि ते तिथेच मिटवावे लागतात. विक्री विभाग ऑर्डर नोंदवली त्या दिवशी विक्री झाली असे मानतो, लेखा विभाग बिल निघाल्यावर, आणि परत आलेला माल वजा करायचा की नाही यावर दोघांचे एकमत नसते. यात कोणीच चुकीचे नसते, कारण प्रत्येकाचे काम वेगळे असते. म्हणून एकाच नावाखाली सगळ्यांना कोंबण्यापेक्षा नोंदवलेली विक्री, बिल केलेली विक्री आणि निव्वळ विक्री अशी तीन मापे ठेवावीत. प्रत्येकाची व्याख्या पूर्ण वाक्यात लिहावी आणि ती बदलण्याचा अधिकार व्यवसायाच्या बाजूच्या एका व्यक्तीकडे द्यावा. तांत्रिक चमूने ही जबाबदारी स्वतःकडे घेऊ नये.

एका ओळीचा अर्थ

वेअरहाऊसच्या रचनेवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांनी रुळवलेली पद्धत चार पायऱ्यांची आहे. व्यवसायातील एक प्रक्रिया निवडा, तिची नोंद किती बारकाईने ठेवायची ते ठरवा, मग त्या नोंदीला लागू होणारी वर्णने ठरवा आणि शेवटी मोजायचे आकडे ठरवा. आकडे फॅक्ट टेबलमध्ये जातात. ग्राहक, वस्तू, तारीख, ठिकाण यांची वर्णने डायमेन्शन टेबलांत जातात. मध्ये फॅक्ट आणि भोवती डायमेन्शन अशा या मांडणीला स्टार स्कीमा म्हणतात.

यातली दुसरी पायरी, म्हणजे ग्रेन (नोंदीचा बारकावा), सगळ्यात महत्त्वाची आहे. फॅक्ट टेबलमधील एक ओळ प्रत्यक्षात कशाची नोंद आहे, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे: ‘एका ऑर्डरमधील एका वस्तूची एक नोंद.’ या वाक्यात ‘किंवा’ शिरला, तर एका टेबलात दोन टेबले लपली आहेत असे समजावे.

ग्रेन पाळला नाही की काय होते ते पाहा. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत, म्हणून फॅक्ट टेबलमध्ये तिच्या तीन ओळी आहेत. वाहतुकीचा आकार मात्र संपूर्ण ऑर्डरवर एकदाच 90 लावलेला आहे. कोणी सोयीसाठी तो तिन्ही ओळींत लिहून ठेवला, की बेरीज 270 येते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बिनबोभाट चालते, चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही आणि चुकीचा आकडा थेट बैठकीत जातो. यावर दोन उपाय आहेत. व्यवसायाला मान्य असलेल्या नियमाने, उदाहरणार्थ किमतीच्या प्रमाणात, तो आकार ओळींवर वाटून द्यावा. किंवा ऑर्डरच्या पातळीचे वेगळे फॅक्ट टेबल करावे. वाटप शक्य असेल तर मी पहिला उपाय निवडतो, कारण त्यामुळे वस्तूनिहाय नफाही काढता येतो.

नोंद जितकी बारीक ठेवता येईल तितकी ठेवावी. दिवसाची बेरीज करून साठवलेल्या माहितीतून तासानुसार किंवा ग्राहकानुसार उत्तर पुन्हा मिळत नाही, पण बारीक नोंदींतून हवी ती बेरीज केव्हाही काढता येते.

प्रत्येक आकड्याची बेरीज होत नाही

विकलेले नग कोणत्याही डायमेन्शनवर बिनधास्त मिळवता येतात. शिल्लक साठ्याचे तसे नाही. गोदामात रोज 100 नग असतील, तर 30 दिवसांची बेरीज 3000 येते आणि तिला काहीच अर्थ नसतो. तिथे महिनाअखेरची शिल्लक किंवा दैनिक सरासरी घ्यावी लागते, पण एकाच दिवशीची वेगवेगळ्या गोदामांतील शिल्लक मात्र मिळवता येते. गुणोत्तरे तर मुळात साठवूच नयेत. एका वस्तूच्या 1000 विक्रीवर 100 नफा, म्हणजे 10 टक्के. दुसरीच्या 100 विक्रीवर 40, म्हणजे 40 टक्के. या टक्क्यांची सरासरी 25 येते, पण खरा एकत्रित नफा 1100 वर 140, म्हणजे सुमारे 12.7 टक्के आहे. फॅक्ट टेबलमध्ये नफा आणि विक्री हे दोन आकडे ठेवावेत आणि भागाकार बेरजेनंतर करावा.

बदलणारी वर्णने

एक ग्राहक 1 जुलैला उत्तर विभागातून दक्षिण विभागात गेला असे समजा. त्याची मे महिन्यातील खरेदी कोणत्या विभागात दाखवायची? डायमेन्शनमधील विभागावर नुसता नवा विभाग लिहिला, तर मेचा रिपोर्ट पुन्हा काढल्यावर उत्तर विभागाचा आकडा घटलेला दिसतो आणि आधी छापलेल्या रिपोर्टशी जुळत नाही. ही पहिल्या प्रकारची हाताळणी झाली. नावातील शुद्धलेखन सुधारण्यासारख्या बदलांपुरतीच ती ठीक आहे.

दुसऱ्या प्रकारात त्याच ग्राहकाची नवी ओळ तयार होते. जुन्या ओळीत विभाग उत्तर असतो आणि वैधता 1 जुलैपर्यंत संपते. नव्या ओळीत विभाग दक्षिण असतो आणि वैधता 1 जुलैपासून सुरू होते. सुरुवातीची तारीख धरायची आणि शेवटची वगळायची असा एकच नियम सगळीकडे ठेवला, तर दोन ओळींमध्ये ना फट पडते ना एकच दिवस दोनदा मोजला जातो. आता ग्राहक क्रमांक एकच आणि ओळी दोन असल्यामुळे त्या क्रमांकावर फॅक्ट आणि डायमेन्शन टेबलांची जोडणी चालत नाही. म्हणून वेअरहाऊसने प्रत्येक ओळीला स्वतःची निरर्थक क्रमवार ‘की’ (key), म्हणजे ती ओळ ओळखण्याचा क्रमांक, द्यावी. हिला सरोगेट की म्हणतात. फॅक्टची ओळ भरताना व्यवहाराच्या तारखेला वैध असलेली की शोधून लिहावी. मूळ ग्राहक क्रमांक डायमेन्शनमध्ये राहतोच, त्यामुळे एका ग्राहकाचा सगळा इतिहास एकत्र पाहता येतो. ग्राहकांची संख्या मोजतानाही हाच मूळ क्रमांक वापरावा, नाहीतर विभाग बदललेला ग्राहक दोनदा मोजला जातो.

कोणत्या कॉलमसाठी कोणता प्रकार वापरायचा हे व्यवसायाला विचारून ठरवावे. सगळ्याच कॉलमना दुसरा प्रकार लावला, तर फोन क्रमांक बदलला तरी नवी ओळ होते आणि डायमेन्शन विनाकारण फुगते.

तारखेसाठी स्वतंत्र डायमेन्शन करावे. त्यात आर्थिक वर्ष, तिमाही, आठवडा आणि सुटीचा दिवस हे तयार कॉलम असले की प्रत्येक रिपोर्टकर्त्याला हे हिशेब नव्याने लिहावे लागत नाहीत. ग्राहकाची माहिती अजून आलेली नाही पण व्यवहार आला आहे, अशा नोंदींसाठी प्रत्येक डायमेन्शनमध्ये ‘अज्ञात’ अशी एक ओळ ठेवावी. की रिकामी सोडली तर नेहमीच्या जोडणीत ती विक्री गुपचूप गळून पडते.

एका प्रक्रियेनंतर दुसरी घ्यायची वेळ आली, की प्रक्रिया आडव्या आणि डायमेन्शन उभ्या मांडून एक तक्ता करावा. विक्री आणि परतावा या दोघांनी वस्तूचे एकच डायमेन्शन वापरले, तरच त्यांची तुलना एका रिपोर्टमध्ये करता येते. प्रत्येक विभागाने आपापले वस्तू टेबल बनवले, तर नव्या खर्चात जुनेच विखुरलेपण परत येते.

माहिती भरणे आणि तपासणे

स्रोतातील माहिती आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे कच्च्या माहितीच्या तात्पुरत्या जागेत, जशीच्या तशी उतरवावी आणि मग तिच्यावर संस्कार करावेत. कच्ची प्रत जपून ठेवली, की नियम चुकल्याचे नंतर लक्षात आल्यावर सगळे पुन्हा घडवता येते. रोज फक्त बदललेल्या नोंदी आणायच्या असतील, तर अद्ययावत वेळेच्या कॉलमवर विसंबणे सोपे असते, पण स्रोतात कायमच्या पुसलेल्या नोंदी त्यातून कधीच कळत नाहीत. त्यासाठी डेटाबेसच्या लॉगमधून, म्हणजे तो ठेवत असलेल्या बदलांच्या नोंदवहीतून, बदल वाचावेत किंवा ठरावीक काळाने दोन्हीकडच्या की जुळवून पाहाव्यात.

माहितीचा भरणा मध्येच तुटतो, हे गृहीत धरूनच त्याचा प्रोग्रॅम लिहावा. एकाच दिवसाचा भरणा दोनदा चालवला तरी निकाल तोच यायला हवा. त्या दिवसाचा भाग पुसून पूर्ण पुन्हा लिहिणे हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

दर भरण्यानंतर स्रोतातील आणि वेअरहाऊसमधील ओळींची संख्या व मुख्य आकड्यांची बेरीज आपोआप ताडून पाहावी. फरक मर्यादेबाहेर गेला तर नवी माहिती लोकांपर्यंत जाऊ देऊ नये. कालची माहिती आणि तिच्यावर ठळक तारीख, हे चुकीच्या ताज्या माहितीपेक्षा केव्हाही बरे.

वेगाचा विचार यानंतर. कॉलमनुसार साठवण करणारा डेटाबेस आणि तारखेनुसार पाडलेले पार्टिशन (टेबलाचे भाग) यांवर बऱ्याच क्वेरी पुरेशा जलद चालतात. एकत्रित बेरजांची टेबले खरोखर गरज दिसल्यावरच करावीत. परवानग्या मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात. व्यक्तिगत ओळख पटवणारे कॉलम वेगळे ठेवावेत आणि ज्यांच्या कामाला ते लागतात त्यांनाच दाखवावेत.

पहिला वापर

एक प्रक्रिया, पाच-सहा डायमेन्शन आणि एका विभागाचे खरे प्रश्न एवढ्यावर पहिला टप्पा पूर्ण करावा. जुना रिपोर्ट लगेच बंद करू नये. दोन-तीन महिनाअखेरी दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्यात आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहून काढावे. काही फरक नव्या यंत्रणेतील चुकांमुळे निघतील, तर काही जुन्या रिपोर्टमध्ये कोणीतरी कधीकाळी हाताने वगळलेल्या नोंदींमुळे. अशा अलिखित नियमांची कारणे त्या विभागातल्या लोकांनाच विचारावीत, कारण त्यातले काही आजही योग्य असतात आणि ते व्याख्येत आले पाहिजेत. फरकांची यादी संपली आणि व्याख्येच्या जबाबदार व्यक्तीने नव्या आकड्यांना लेखी मान्यता दिली, की जुना रिपोर्ट ठरवून, सर्वांना कळवून बंद करावा.