लहान मुलासोबत थीम पार्क: नेमकं किती ठरवायचं?

पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन थीम पार्कला जायचं म्हटलं की दोन तऱ्हेचे सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे सकाळी आठ ते रात्री दहा असा मिनिटामिनिटाचा तक्ता करा, नाहीतर पैसे वाया जातील. दुसरा म्हणजे काहीच ठरवू नका, मूल नेईल तिकडे जा. दोन्ही सल्ले कुचकामी आहेत. तक्ता फसतो, कारण राइड मध्येच बंद पडतात, विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि मुलाला शू नेमकी नंबर येता येता लागते. एक गोष्ट घसरली की तिच्यामागच्या सगळ्या घसरतात. काहीच न ठरवणंही फसतं, कारण मूल ज्या राइडकडे धावतं तिथे तासाची रांग असते आणि दोन राइडमध्येच दुपार होते.

पक्क्या ठरवायच्या गोष्टी पाच आहेत: कोणत्या राइडमध्ये बसता येईल, सकाळची पहिली राइड, जेवणाची वेळ, दुपारची झोप आणि निघायची वेळ. बाकी दिवस मोकळा ठेवा. या पाचांपैकी चार सोप्या आहेत. सगळा घोळ दुपारच्या झोपेत होतो, म्हणून खाली सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच लिहिलं आहे.

१. दिवस आणि तिकिटं

शाळेच्या सुट्ट्या, लागून आलेल्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. सलग दोन दिवस पार्क केलं की तिसरा दिवस रिकामा ठेवा. त्या दिवशी पोहण्याचा तलाव किंवा हॉटेलची बाग पुरते. काही पार्कांत मुलाचं तिकीट वयावर ठरतं, काहींत उंचीवर. डिस्नेच्या फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या पार्कांत तीन वर्षांखाली प्रवेश मोफत, तीन ते नऊ मुलांचं तिकीट आणि दहापासून मोठ्यांचं. तिसरा वाढदिवस जवळ आला असेल तर सहल त्याआधी बसते का ते बघा.

हॉटेल घेताना स्वस्त खोलीच्या मोहाने लांब जाऊ नका. का, ते चौथ्या पायरीत येईल.

२. उंची मोजा

वजन नको, वय नको, उंची मोजा. भिंतीला टाच लावून, बुटाशिवाय आणि बूट घालून, अशी दोनदा मोजा आणि हिशोब बुटाशिवायच्या आकड्यावर करा. मग पार्कच्या संकेतस्थळावरून प्रत्येक राइडची किमान उंची उतरवून घ्या. ९७, १०२, ११२ आणि १२२ सेंटिमीटर, म्हणजे ३८, ४०, ४४ आणि ४८ इंच, या मर्यादा मोठ्या पार्कांत वारंवार दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलांची मध्यम उंची साधारण १०३ सेंटिमीटर आहे. म्हणजे चार वर्षांचं मूल बरोबर १०२ च्या काठावर असतं, आणि रडारड होते ती काठावरच. राइडचं नाव तेच म्हणून अटही तीच असेल असं धरू नका: डिस्नेच्या ‘स्पेस माउंटन’ला कॅलिफोर्नियात १०२ सेंटिमीटर लागतात, तर फ्लोरिडात ११२.

एक-दोन सेंटिमीटर कमी पडत असतील तर ती राइड घरीच यादीतून काढा आणि मुलाला घरीच सांगा. बुटात कागद किंवा जाड तळवे घालून उंची वाढवायचा सल्ला कोणी दिला तर तो कानावेगळा करा. कमरेवरचा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा किमान उंचीच्या शरीराला धरेल असा बनवलेला असतो; त्याहून लहान मूल खालून सरकू शकतं.

आईबाबांना मोठ्या राइडमध्ये बसायचं असेल तर ते सोडू नका. बऱ्याच पार्कांत पालकांनी आळीपाळीने बसायची सोय असते. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. एक जण राइड करतो, दुसरा मुलासोबत थांबतो, आणि मग दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. अट एवढीच की रांगेत शिरण्याआधी प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्याला मूल दाखवून विचारायचं. मधूनच सांगून चालत नाही.

उंची पुरते म्हणजे राइड झेपते असं मात्र नाही. लहान मुलं तीन गोष्टींना घाबरतात: अंधार, अचानक मोठा आवाज आणि पोटात गोळा आणणारा उतार. राइडमध्ये बसून काढलेले व्हिडिओ सहज मिळतात. आधी स्वतः बघा, मग मुलाला दाखवा. मूल ‘नको’ म्हणालं तर विषय तिथेच संपवा. एकदा जबरदस्तीने अंधाऱ्या राइडमध्ये बसवलेलं मूल पुढे दिवसभर कुठल्याही दारातून आत जायला तयार होत नाही.

३. सकाळ आणि जेवण

पार्क उघडण्याच्या पाऊण तास आधी गेटवर हजर राहा. पहिल्या दीड तासात जेवढ्या राइड होतात तेवढ्या पुढच्या चार तासांत होत नाहीत. पहिली राइड उंचीची अट नसलेली, पण पुढे दिवसभर लांब रांग लागणारी निवडा. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये ती ‘पीटर पॅन्स फ्लाइट’: संथ, सगळ्या वयांना चालणारी आणि दुपारी लांब रांगेची. त्यानंतरची दुसरी आणि तिसरी राइड तिच्या आसपासचीच घ्या. पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलात तर सकाळ चालण्यातच जाईल. तीन राइड झाल्या की यादी खिशात ठेवा आणि मुलाच्या मागे जा. कारंज्याशी अर्धा तास खेळलं तरी खेळू द्या.

जेवण अकरा वाजता. बाराला गेलात तर रांग, टेबल शोधणं आणि भुकेलं मूल, तिन्ही एकदम अंगावर येतात.

४. दुपारची झोप

इथे बहुतेक सहली कोलमडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुपारची झोप धरून एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. सहलीत रात्री उशीर होतो आणि सकाळी लवकर उठवावं लागतं, म्हणजे त्यातले तास-दोन तास आधीच गेलेले असतात. दुपारचीही झोप गेली की संध्याकाळी पाचला मूल जमिनीवर लोळण घेतं, आणि लोक म्हणतात ‘किती हट्टी आहे’. ते हट्टी नसतं, झोपेला आलेलं असतं. ‘आमचं घरी दुपारी झोपत नाही’ हेही कारण नाही. घरी ते उन्हात पाच तास चालतही नाही.

आधी हिशोब करा. शेवटच्या राइडपासून हॉटेलच्या पलंगापर्यंत किती मिनिटं लागतात? नकाशावरचं अंतर बघू नका. पार्कच्या आतून गेटपर्यंत १५ मिनिटं, बसची किंवा गाडीची वाट १५, प्रवास १५, लॉबीतून खोलीत जाऊन हातपाय धुऊन आडवं होईपर्यंत आणखी १५. जाहिरातीतलं ‘पंधरा मिनिटांवर’ हॉटेल प्रत्यक्षात एका तासावर असतं. दीड तास झोप आणि परतीचा तास धरला तर साडेतीन तास गेले. म्हणून नियम असा: एका बाजूला एकूण ४५ मिनिटांच्या आत होत असेल तर हॉटेलवर जा. तासाच्या वर जात असेल तर जाऊच नका, पार्कमध्येच झोपवा. मधल्या अंतरात वय बघा. तीनच्या आतलं मूल बाबागाडीत चांगलं झोपतं, ते पार्कमध्येच ठेवा. त्याहून मोठ्याला पलंग लागतो, त्याला हॉटेलवर न्या.

तिकीट घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: त्याच दिवशी बाहेर पडून परत आत येता येतं का? काही पार्कांत येत नाही. तिथे झोप आतच काढायची, हे आधीपासून ठरलेलं असू द्या.

निघायची वेळ मुलाकडे बघून ठरवू नका. ‘डोळे चोळायला लागलं की निघू’ हा सगळ्यात वाईट नियम आहे, कारण डोळे चोळायला लागल्यावरही पलंग अजून पाऊण तास लांब असतो. उलटं मोजा. मूल एरवी एक वाजता झोपत असेल आणि वाट पाऊण तासाची असेल तर सव्वाबाराला रांगेत नाही, गेटकडे चालत असायला हवं. त्या वेळी मूल मजेत असेल, तुम्हालाही निघावंसं वाटणार नाही. तरी निघा. मूल हसत असताना निघालात तरच वेळेवर निघालात.

पुढचा धोका बसमधला, आणि याबद्दल कोणी सांगत नाही. मूल बसमध्ये दहा मिनिटं पेंगतं, उतरताना बाबागाडी घडी करावी लागते, उचलाउचलीत जागं होतं, आणि खोलीत गेल्यावर टक्क डोळे. त्या डुलकीने झोपेची भूक मरते, थकवा मात्र तसाच राहतो. म्हणून प्रवास छोटा असेल तर मुलाला जागं ठेवा: खिडकीशी बसवा, चघळायला काहीतरी द्या, बोलतं ठेवा, मांडीवर आडवं घेऊ नका. प्रवास अर्ध्या तासाहून मोठा आणि गाडी स्वतःची असेल तर उलट करा. झोपू द्या, आणि पोचल्यावर एसी चालू ठेवून एक मोठं माणूस गाडीतच मुलाजवळ बसू द्या. गाडीत मुलाला एकटं कधीही ठेवायचं नाही, दोन मिनिटंही नाही.

खोलीत पडदे बंद, टीव्ही बंद, घरचं पांघरूण. अर्ध्या तासात झोप लागली नाही तर रागावू नका. अंधारात नुसतं पडून राहिलेला तासही संध्याकाळी कामी येतो. तुम्हीही आडवे व्हा. गजर मात्र लावा आणि साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका, नाहीतर रात्री अकरापर्यंत मूल टुणटुणीत असेल आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ जाईल.

पार्कमध्येच झोपवायचं असेल तर स्वतःची बाबागाडी न्या. भाड्याने मिळणाऱ्या अनेक गाड्या कडक प्लास्टिकच्या असतात आणि त्यांची पाठ मागे जात नाही. बसल्याबसल्या मान लटकवून मूल वीस मिनिटांवर झोपत नाही. गाडीची पाठ जवळजवळ आडवी व्हायला हवी आणि छत पुढपर्यंत यायला हवं. नेण्याआधी मापाचा नियम बघा: डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत ७९ सेंटिमीटर रुंदी आणि १३२ सेंटिमीटर लांबीच्या वरची गाडी चालत नाही. पाच वर्षांच्या मुलासाठीही गाडी न्या. ‘आता मोठा झाला, चालेल’ म्हणणारे दुपारनंतर त्याला कडेवर घेऊन फिरताना दिसतात.

जागा शोधताना मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांब राहा. सावली बघून लोक तिथेच गाडी लावतात आणि ऐन झोपेत ढोल वाजायला लागतात. मिरवणुकीची वेळ सकाळीच बघून ठेवा. वातानुकूलित सभागृह, आतल्या बाजूचं उपाहारगृह किंवा पार्कची शिशुकक्ष खोली उत्तम. गाडीवर चादर किंवा दुपट्टा टाकून अंधार करू नका. हवा कोंडते आणि उन्हात आतलं तापमान झपाट्याने चढतं. मूल जागं असताना मात्र त्याला गाडीत अडकवून ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत पाच वर्षांखालच्या मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त बांधून ठेवू नये असं म्हटलं आहे.

५. हरवलं तर

सकाळी गेटवर मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. मनगटावरच्या पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा. नाव आतल्या बाजूला. कर्मचाऱ्यांची नावाची पट्टी मुलाला प्रत्यक्ष दाखवा आणि सांगा की हरवलास तर ही पट्टी लावलेल्या माणसाकडे जायचं.

६. संध्याकाळ आणि निघणं

आतषबाजी बघायची तर संपूर्ण सहलीत एकाच रात्री, आणि दुपारी झोप झाली असेल तरच. तीनच्या आतल्या मुलाला कान झाकणारे हेडफोन घाला. गर्दीच्या मधोमध उभे न राहता बाहेर पडायच्या वाटेच्या बाजूला थांबा, म्हणजे मूल घाबरलं तर लगेच निघता येतं.

बाकीच्या दिवशी निघायची वेळ मुलाच्या झोपेच्या वेळेआधी दीड तास. ‘शेवटची एक राइड’ हे शब्द एकदाच वापरायचे आणि कोणती ते मुलाला निवडू द्यायचं. त्या राइडपुढे लांब रांग दिसली तर दुसरी सुचवा, पण शेवटचं म्हणजे शेवटचंच. खेळणी घ्यायची असतील तर ती याच टप्प्यावर. सकाळी घेतलेलं खेळणं दिवसभर सांभाळावं लागतं आणि हरवलं तर संध्याकाळ त्याच्या शोधात जाते. गेटमधून बाहेर पडण्याआधी शौचालयात न्या, डायपर बदला, तोंड-हात पुसा आणि रात्रीचे कपडे तिथेच चढवा. गाडीत झोप लागली तर मग न उठवता थेट पलंगावर ठेवता येतं.