लग्नाच्या रात्रीसाठी पेंढ्याचा मुखवटा

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो, लिट्रिम, क्लेअर या भागांत लग्नाच्या रात्री पेंढ्याचे टोकदार मुखवटे घालून आगंतुक टोळी येते. हे स्ट्रॉबॉइज. त्यांचं येणं नवराबायकोला लाभतं, त्यांना दारातून परत पाठवणं अशुभ, अशी समजूत. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नसत, म्हणून पूर्वी ती ६ जानेवारीपासून लेंटच्या आदल्या दिवसापर्यंत, श्रोव्ह मंगळवारपर्यंत, उरकून घेत. साहजिकच मुखवट्याचा पेंढा सुगीतच राखून ठेवावा लागे.

ओटचा किंवा गव्हाचा, हाताने कापलेला पेंढा घ्या. कंबाइनमधून (कापणी-मळणी यंत्रातून) आलेला चालत नाही, त्याची काडी चेपलेली असते. हल्लीच्या बुटक्या वाणांची काडीही अपुरी पडते. ७० सेंटिमीटर तरी हवी. पाती सोलून काड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळा. कोरडी काडी वळताना मोडते.

मनगटाएवढी जाड जुडी घेऊन कणसांच्या खाली वीतभरावर सुतळीने करकचून बांधा. कणसांचा तुरा वर राहू द्या, खालच्या काड्या बादलीवर गोल पसरा. कपाळाच्या आणि हनुवटीच्या उंचीवर दोन पदरी वीण घाला: तीन-चार काड्या, पदरांची अढी, पुन्हा तीन-चार काड्या. मधला पट्टा न विणता सोडा. आतून फटींतून नीट दिसतं, बाहेरून चेहरा ओळखू येत नाही. डोळ्यांसाठी भोकं पाडू नका. कापलेली काडी निसटते आणि वीण उसवते.

काडी वाळली की आकसते, म्हणून दोन दिवसांनी गाठ पुन्हा आवळा. हे राहिलं तर ऐन नाचात तुरा निखळतो. मुखवटा ओलसर ठेवून दिला तर बुरशी धरतो. आणि शेकोटीपासून, मेणबत्तीपासून कायम लांब राहा. पेंढा क्षणात पेटतो.

कोट उलटा घाला, आवाज बदला किंवा बोलूच नका. टोळीचा कप्तान नवरीबरोबर नाचतो, बाकीचे करवल्यांबरोबर. आज यजमानांना आधी कळवून जाणंच बरं, पण नवरीला अजिबात कळू देऊ नका.

लग्नात पाऊस येऊ नये म्हणून वेगळा तोडगा आहे: आदल्या रात्री प्रागच्या बाळयेशूची (प्राग शहरातल्या प्रसिद्ध मूर्तीसारखी) मूर्ती बाहेर कुंपणाखाली ठेवतात. तिचं डोकं तुटलेलं असलं तर अधिक शुभ, पण ते आपोआप तुटलेलं असावं, मुद्दाम तोडलेलं नव्हे.

दोन-तीन नाच झाले, पेय घेतलं, की टोळीने निघावं. रेंगाळलात तर ओळखले जाल.